छत्री : साइटच्या नोंदी आणि थोडा पत्रव्यवहार

धुळ्यात माझं छोटं ऑफिस आहे. घरांचे नकाशे हे रोजचं काम, अधूनमधून एखादा जुना वाडा किंवा देऊळ दुरुस्तीला येतं. खालच्या नोंदी साइटच्या डायरीतून उतरवल्या आहेत. घराण्याचं आणि गावाचं नाव त्यांच्या विनंतीवरून गाळलंय. पांझरेच्या काठचं गाव, एवढं पुरे.

९ ऑक्टोबर २०२४

कुरिअरनं पत्र आलं. जाड कागद, वर सोनेरी छापाची ढाल-तलवार, खाली स्मारक समितीचा शिक्का. मजकूर असा की, आमच्या घराण्यातील महाराणीसाहेबांचे भव्य स्मारक नदीकाठी उभारण्याचे योजिले आहे, ३१ फुटी पुतळा, भोवती उद्यान, कारंजे. 'आपण अंदाजपत्रक सादर करावे.' सही थोरल्या बंधूंची. गावात त्यांना सगळे आबासाहेब म्हणतात.

दुपारी फोन केला. बोलताना ते एकदाही 'महाराणी' म्हणाले नाहीत, 'बाईसाहेब' म्हणाले. कागदावर मात्र महाराणी. जहागीर किती गावांची होती, विचारलं. 'अकरा.'

११ ऑक्टोबर

साइट पाहिली. काठापासून दीडशे पावलांवर बाईसाहेबांचा दगडी चौथरा, चौदा फूट बाय चौदा, उंची तीन फूट दोन इंच. वर व्हिट्रिफाइड फरशा, बदामी रंगाच्या, चकचकीत. मधोमध पादुका, त्यांच्यावर ऑइल पेंट. कडेचे सांधे सिमेंटनं भरलेले. सिमेंट आहे तसंच आहे, आजूबाजूचा दगड मात्र पापुद्रे सोडतोय. चुन्याच्या बांधकामात सिमेंट भरलं की आतली ओल सांध्यातून बाहेर पडत नाही, ती दगडातून वाट काढते.

चौथऱ्यापासून वीसेक हातांवर निंबाखाली एक उभी शिळा. कोपरात वाकवलेला हात, मनगटात बांगड्या, वर सूर्य-चंद्र. म्हणजे सतीशिळा. शेंदूर ताजा होता.

नाना मिस्तरी बरोबर होते. माझ्या सगळ्या चुन्याच्या कामांना तेच असतात, त्यांच्या वडिलांचा हात पिंपळनेरकडच्या बंधाऱ्यांवर बसलेला. त्यांनी चौथऱ्याला दोन फेऱ्या मारल्या, वाकून कडेनं पाहिलं आणि म्हणाले, "ताई, पुतळाबितळा मंग. वरनं पानी कथा जास, ते पह्यले दखा." म्हणजे, पुतळा नंतर, वरचं पाणी कुठे जातं ते आधी बघा. नाना अहिराणीत बोलतात.

फरशीवर कालच्या सरीचं पाणी अजून साचलेलं होतं.

१६ ऑक्टोबर

काल विधानसभेची आचारसंहिता लागली. समितीचं भूमिपूजन एका इच्छुकाच्या हस्ते व्हायचं होतं, ते रद्द. मला महिना मिळाला. लोकशाहीचे उपकार.

२४ ऑक्टोबर

पहिलं सविस्तर उत्तर पाठवलं. तीन मुद्दे घातले.

एक, सार्वजनिक जागेत पुतळा म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि पुतळ्याच्या मातीतल्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता. शिल्पकार ठरल्याशिवाय फाइल हलत नाही.

दोन, पूररेषा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. आपला चौथरा या दोन रेषांच्या मधे बसतो. उद्यान आणि कारंजे निळ्या रेषेच्या आत जातील, तिथे पक्कं बांधकाम नको.

तीन, वारा. मालवणला राजकोट किल्ल्यावरचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, नऊ महिनेही झाले नाहीत. पुतळ्याची उंची सांगताना आतल्या सांगाड्याची, जोडांची, गंजाची जबाबदारी कुणाची, हेही त्याच कागदावर लिहावं लागतं. ही तिसरी बाब लिहिताना हात जरा अडला. तिथे जे झालं त्यानं सगळ्यांनाच वाईट वाटलं होतं, ते उदाहरण म्हणून वापरणं बरं दिसत नाही. पण लिहिलं.

उत्तर दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर: 'मग २१ फूट?'

५ नोव्हेंबर

दिवाळी आटोपली. नानांना घेऊन थाळनेरला गेले. स्मारकावर विचार करायचा तर खानदेशातलं एक जुनं राजस्मारक डोळ्यांखालून घालावं म्हणून. फारुकी सुलतानांची पहिली राजधानी तापीकाठच्या या गावात होती. मलिक राजा १३९९ मध्ये वारला, त्याला इथेच पुरलं. पुढची पिढी बऱ्हाणपूरला गेली, पण कबरी इथे राहिल्या.

त्यातली अष्टकोनी इमारत पाहण्यासारखी. आठ बाजू, प्रत्येक बाजूला दगडात भरगच्च कोरीवकाम. मी वहीत नक्षी काढत होते, नाना छज्जाखाली हात फिरवत होते. छज्जाच्या खालच्या अंगाला, कडेपासून जरा आत, बोटभर खाच काढलेली असली की पावसाचं पाणी त्या खाचेशी तुटतं आणि सरळ खाली पडतं, भिंतीला ओघळत नाही. आपण तिला पाऊसपट्टी म्हणतो. हल्लीच्या बंगल्यांत ती काढायला कंत्राटदार कंटाळतात आणि तिसऱ्या वर्षी खिडकीखाली हिरवे ओघळ येतात.

परतताना नरडाण्याला शेवभाजी. नाना म्हणाले, राजा मोठा होता की नाही हे छज्जा बघून कळतं. मी म्हटलं, नाना, हे पत्रात लिहू का? "लिखू नका, आबासाहेबले राग येई."

१९ नोव्हेंबर

समितीनं तारीख कळवली: आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ३० एप्रिल २०२५, लोकार्पण. साडेपाच महिने, आणि आराखडाच ठरलेला नाही. घाईचं काम कसं होत नाही ते सांगायला गेट वे ऑफ इंडियाचं उदाहरण लिहिलं.

पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ ला मुंबईत उतरले. त्यांच्या आगमनाच्या स्मरणार्थ कमान.  जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाच्या अंतिम आराखड्याला मंजुरी १९१४ मध्ये, आणि कमान खुली झाली ४ डिसेंबर १९२४ ला. तेरा वर्षं गेली. राजा उतरला तेव्हा प्रत्यक्षात तिथे पुठ्ठ्याची कमान होती. पिवळ्या बेसॉल्टची आज दिसते ती नंतरची. सम्राटाच्या स्मारकाला तेरा वर्षं लागली, तर आपल्याला दोन लागली म्हणून बिघडत नाही, असा माझा युक्तिवाद.

२७ नोव्हेंबर

निकाल लागले, समितीची बैठक झाली, ठरावाची प्रत आली. 'आर्किटेक्ट मॅडम यांच्या सूचनेनुसार, गेट वे ऑफ इंडियाच्या धर्तीवर, आखाजीस तात्पुरता थर्मोकोलचा पुतळा उभारून लोकार्पण करावे व कायमस्वरूपी काम सवडीने करावे.'

वाचून खुर्चीतच बसून राहिले. उदाहरण देताना आपण कुठलं टोक समोरच्याच्या हातात देतोय ते पाहावं. पुठ्ठ्याची कमान लिहायला नको होती.

१२ डिसेंबर

फरशा काढायची परवानगी मिळाली, पण अटीवर: 'पादुकांस धक्का लागता कामा नये.' पादुका कापडात बांधून, पूजा करून, आबासाहेबांच्या देवघरात नेल्या. समितीतली निम्मी माणसं सारंगखेड्याच्या यात्रेला घोडे पाहायला गेलेली, त्यामुळे काम शांतपणे झालं.

फरशीखाली चार इंच सिमेंट काँक्रीट, त्याखाली मूळ दगडी फरसबंदी. ती धुऊन काढल्यावर तीन गोष्टी दिसल्या.

पहिली, फरसबंदीला उतार आहे. पाण्याची नळी लावून मोजला, दक्षिणेकडून उत्तरेकडे दीड इंच. उत्तरेच्या कडेला मधोमध दगडी पन्हळ, तोंड गायीचं. काँक्रीट ओतणाऱ्यानं ते आतून बुजवलं होतं आणि बाहेरून त्यावर समितीचा संगमरवरी बोर्ड ठोकला होता. म्हणजे चौथऱ्याचं पाणी वीस वर्षं बाहेर पडायला वाट शोधत होतं.

दुसरी, चार कोपऱ्यांत चार चौकोनी खाचा, नऊ इंच बाय नऊ, खोली सात इंच. दोन खाचांत काळपट भुसा. नानांनी चिमूट घेतली, चोळली, वास घेतला: "साग." चारही खाचांच्या भोवती खांबाच्या तळखड्याची घासलेली खूण. या चौथऱ्यावर कधीतरी लाकडी छत उभं होतं. म्हणजे ही छत्री, खांबांवर छत असलेलं स्मारक.

तिसरी म्हणजे एका दगडावर लहान मुलानं खडूनं काढावी तशी रेघांची चौकट. मला वाटलं काही यंत्र वगैरे. नाना हसले. वाघ-बकरीचा पट. काम करणाऱ्यांनी दुपारच्या सुट्टीत कोरलेला.

१५ डिसेंबर

पायाजवळ खड्डा घेतला. सव्वासहा फूट काळी माती, मग पिवळा मुरूम. आपल्या काळ्या मातीचं सगळ्यांना माहीत आहे: उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात फुगून पायऱ्या उचलते. जुना पाया मुरमात पुरता फूटभर उतरवलाय. त्या काळच्या कारभाऱ्यानं खर्च केला तो जमिनीखाली, जिथे कुणी बघणार नव्हतं.

८ जानेवारी २०२५

आबासाहेबांनी अखेर दप्तर दाखवलं. लाल रुमालात बांधलेली मोडी कागदांची गठडी, कापराच्या वड्या घातलेली. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गेले १९२६ च्या ३१ डिसेंबरला, ते आमच्या धुळ्यातच. त्यांच्या नावानं उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळामुळे या गावात मोडी वाचणारं कुणी ना कुणी भेटतंच. मला भेटलेल्या गुरुजींनी चार तास बसून सतरा कागद लावले. बहुतेक हिशेब, वसुलाच्या याद्या.

त्यातला एक कागद बाईसाहेबांच्या शिक्क्याचा, शके १७५४. विषय असा: बंधाऱ्याच्या सांडव्याला भगदाड पडलंय, चुना इतके मण मागवला होता तो कमी आला, आलेला चुना विरवून किती दिवस झाले ते कळवावं, आणि पाटकऱ्यांनी वरच्या फडाला पाणी आधी दिलं याचा जाब. पूर्ण कागदभर तक्रार.

पांझरेच्या खोऱ्यातल्या फड पद्धतीची ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: नदीवर बुटका बंधारा, त्याच्या एका टोकातून पाट काढायचा, पाटाखालच्या शेताचे तीन-चार फड पाडायचे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, दरवर्षी पिकं फडाफडांतून फिरायची, आणि पाणी पाटकरी देणार, शेतकऱ्यानं दाराला हात लावायचा नाही. तीनशे वर्षांहून जुनी रीत, काही गावांत आजही चालते.

मी कागदाकडे वेगळ्याच कारणानं बघत होते. शके १७५४ म्हणजे इसवी सन १८३२. समितीच्या छापील पत्रकात, वर्गणीच्या पावतीच्या मागेसुद्धा, लिहिलंय की बाईसाहेब शके १७४८ मध्ये पतीबरोबर सती गेल्या. आणि इथे त्या सहा वर्षांनी चुन्यावरून भांडतायत.

गुरुजींनी चष्मा काढला. "ताई, शिक्का त्यांचाच. वाचण्यात चूक नाही. खालचे दोन कागदही त्यांचेच, शेवटचा शके १७७३ चा." मग चहा आला तो आम्ही दोघांनी न बोलता घेतला.

१० जानेवारी

या प्रकल्पातलं सगळ्यात अवघड पत्र. चार वेळा लिहिलं. शेवटी पाठवलेलं असं:

'आदरणीय आबासाहेब, सा. न. वि. वि. आपल्या दप्तरातील तीन कागदांच्या प्रती व देवनागरी वाचन सोबत जोडले आहे. यावरून बाईसाहेबांनी पतीनिधनानंतर पंचवीस वर्षे जहागिरीचा कारभार पाहिला असे दिसते. पत्रकातील सती गेल्याचा मजकूर या कागदांशी जुळत नाही. निंबाखालील शिळा त्यांची नाही, ती दुसऱ्या कुणाची आहे. तिला हलवू नये, छत्रीशी जोडूही नये. आणखी एक बाब नमूद करणे माझे कर्तव्य आहे. सतीप्रतिबंधाच्या १९८७ च्या केंद्रीय कायद्यानुसार सतीच्या गौरवार्थ निधी गोळा करणे किंवा वास्तू बांधणे हा गुन्हा असून किमान एक वर्षाच्या कैदेची तरतूद आहे. सदर मजकूर असलेली पत्रके व पावत्या तातडीने मागे घ्याव्यात. त्या मजकुराच्या आधारे मी आराखडा करू शकणार नाही.'

कायद्याचं वाक्य शेवटी टाकलं होतं, मग मधे आणलं. शेवटी धमकीसारखं वाजत होतं.

२९ जानेवारी

एकोणीस दिवस ना फोन, ना मेसेज. मी समजले काम गेलं. फाइल कपाटात टाकली.

आज सकाळी आबासाहेब स्वतः ऑफिसात. गल्लीत गाडी येत नाही म्हणून आग्रा रोडला लावून चालत आले, सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस. हातात कापडी पिशवी. बसले, पाणी प्यायले, भिंतीवरचे नकाशे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आमच्या आजीनं आम्हाला खोटं सांगितलं?"

मला काही सुचलं नाही. मी म्हटलं, आजींना त्यांच्या सासूबाईंनी सांगितलं असेल.

"ती रोज संध्याकाळी त्या शिळेपाशी दिवा लावायची. मी बरोबर जायचो, तेलाची पळी घेऊन." बराच वेळ थांबले. "आता दिवा कुणाला लावायचा मग?"

"लावा की. ज्या कुणी असतील त्यांना. फक्त पावतीवर छापू नका."

ते हसले नाहीत, पण मान हलवली. पिशवीतून पावती पुस्तकं काढली, सगळी, न फाडलेली. ती माझ्याकडे ठेवून घ्या म्हणाले. मी घेतली नाहीत, समितीनं ठराव करून रद्द करावीत असं सांगितलं. जाताना दारात वळून विचारलं, "त्या चुन्याचं पुढे काय झालं? आला का पुरा?"

कागदात ते नाही.

११ फेब्रुवारी

आता पुतळ्याचा विषय आपोआप मागे पडला, कारण चेहरा कुणाला माहीत नाही. पण धाकटे बंधू, जे पुण्यात असतात आणि मेलवर इंग्रजी-मराठी दोन्ही लिहितात, त्यांचं म्हणणं: नुसती छत्री रिकामी दिसेल, लोक विचारतील आत कोण आहे.

त्यांना लिहिलं. दिल्लीत इंडिया गेटमागची छत्री वास्तुविशारद लचिन्स (ल्युटेन्स) यांनी पंचम जॉर्जच्या पुतळ्यासाठी केली, १९३६ मधली. पुतळा १९६८ मध्ये हलवून कोरोनेशन पार्कात नेला. छत्री त्यानंतर पन्नास वर्षांहून अधिक काळ रिकामी उभी होती आणि तीन पिढ्यांनी तिच्यासमोर फोटो काढले. २०२२ मध्ये तिथे नेताजी आले. रिकामी होती म्हणून कुणी पाडली नाही. आपल्याकडे तर पादुका आहेत.

या वेळी उदाहरण पाठवण्यापूर्वी दोनदा वाचलं, उलटं टोक कुठे निघतंय का. निघतं: 'नंतर पुतळा बसवता येईल.' तरीही पाठवलं. नंतरचं नंतर.

२० फेब्रुवारी

आराखडा. चौथऱ्यावरच्या चार खाचाच आराखडा सांगतायत, मी फक्त ऐकायचं ठरवलं. चार सागाचे खांब, सुरूच्या आकाराचे, माथ्यावर केळफूल. खांब थेट दगडावर नाही, प्रत्येकाखाली तळखडा, म्हणजे बुंध्याला ओल चढत नाही. वर चारही बाजूंना उतरतं छप्पर, तांब्याचा पत्रा, टोकाला कळस.

समितीला काळ्या दगडाची छत्री हवी होती. हिशेब करून दाखवला: घनफूटभर काळा दगड साधारण ८० किलो, सागाचं लाकूड १८. दगडी छत्रीला कमीत कमी २६० घनफूट दगड, म्हणजे एकवीस टनांच्या आसपास, तेही जुन्या चुन्याच्या गाभ्यावर. लाकडी छप्पर तांब्यासकट अडीच टनांत बसतं.

'लाकूड म्हणजे तात्पुरतं,' असा शेरा आला. थर्मोकोलचा ठराव करणाऱ्या समितीकडून.

३ मार्च

साग मिळाला. धुळ्यातच एक वाडा पाडतायत, खांब वखारीत आलेत. आठ खांबांतून चार निवडले. नाना प्रत्येक खांबाला मुठीनं ठोकून कान लावायचे. दोन खांब 'बोद' बोलले, ते बाजूला. एका खांबावर कधीतरी ठोकलेला खिळा आणि त्याला अडकलेली कंदिलाची कडी. कडी काढू नका म्हटलं.

हलक्या छपराला वजनाची भीती नसते, उडण्याची असते. वळवाच्या वादळात वारा खालून शिरतो. म्हणून प्रत्येक खांबाच्या पोटातून स्टेनलेस स्टीलची सळई तळखड्यातून चौथऱ्यात उतरवून शिशानं बसवायची. साधं लोखंड नको. गंजलं की फुगतं आणि दगड आतून फोडतं.

१४ मार्च

चुना विरवायला घेतला. खड्ड्यात पाणी आधी, चुनकळ्या नंतर. उलटं केलं तर तोंडावर उडतो. दहा मिनिटांत भातासारखा खदखदला. चाळून, पाण्याखाली मुरत ठेवला. चुना मळायची घाणी आता कुठे मिळत नाही, मिक्सरवरच मळायचा, पण विटांची सुरकी आणि बेलफळाचं पाणी नाना स्वतः घालणार. प्रमाण सांगत नाहीत. मी गेली नऊ वर्षं विचारतेय.

२८ मार्च

शिलालेखाचा मजकूर. चार आठवडे यावरच पत्रं चाललीत.

समितीचा पहिला मसुदा: 'प्रातःस्मरणीय राजमाता महाराणी श्रीमंत…' तीन ओळींनी नाव येतं. आबासाहेबांनी 'महाराणी' स्वतः खोडलं. मग कुणीतरी 'गं. भा.' सुचवलं, जुन्या रीतीप्रमाणे विधवेला गंगाभागीरथी लिहितात म्हणून. त्यावर धाकट्या बंधूंच्या सुनेची मेल आली, दोनच ओळींची: पंचवीस वर्षं अकरा गावं सांभाळली, त्या दगडावर नवरा मेल्याची नोंद पहिल्या अक्षरात कशाला? समितीत कुणी उत्तर दिलं नाही, पण पुढच्या मसुद्यात 'गं. भा.' नव्हतं.

उरलेलं काम कोरणाऱ्यानं केलं. त्याचा दर अक्षराला दीडशे. जोडाक्षराचे दोन धरणार म्हणाला. खजिनदार आणि तो यांच्यात अर्धा तास: 'श्री' हे एक की दोन? 'प्रातःस्मरणीय'मध्ये किती? विसर्गाचे वेगळे? अनुस्वार फुकट, यावर तडजोड झाली. 'प्रातःस्मरणीय राजमाता' त्याच बैठकीत गेलं. पदव्या कमी करायला मी महिनाभर पत्रं लिहीत होते.

अंतिम: श्रीमंत, नाव, बाईसाहेब. खाली 'जहागिरीचा कारभार, शके १७४८ ते १७७३'. बंधाऱ्याचा उल्लेख घालावा असं मला वाटत होतं. आबासाहेब म्हणाले, नको, कमी आलेल्या चुन्याचं लोक विचारतील.

३० एप्रिल

आखाजी. लोकार्पण नाही. पारा त्रेचाळीसवर, अशा उन्हात चुन्याचे सांधे भरले तर वरून भाजून निघतात, आत कच्चे राहतात. नानांनी समितीला सरळ सांगितलं, "चुनाले घाई चालस नही." माझ्या दीड पानी पत्रापेक्षा ते लवकर कळलं.

तरी साइटवर गेले, कारण बोलावणं होतं. आबासाहेबांच्या घरी पितरांची घागर भरलेली, वर खरबूज, आंबा, सांजोरी. दरवर्षी पुरुषांच्या नावानं घागर भरतात. या वर्षी एक जादा होती. कुणाची ते कुणी बोललं नाही, मीही विचारलं नाही. पुरणपोळी आणि आमरस इतका झाला की दुपारी मोजमाप घेता आलं नाही.

अंगणातल्या निंबाला झोका, माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत होत्या.

२१ मे

मे महिन्यातच पावसाळा लागल्यासारखं झालंय. काल रात्री वादळ. रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या झाल्याचे फोटो सकाळपासून येतायत. पोटात गोळा घेऊन साइटवर गेले. खांब उभे, छपराचा सांगाडा बसलेला, तांबं अजून नाही, वर ताडपत्री होती ती नदीपलीकडे बाभळीत अडकलेली.

सांगाडा जागच्या जागी. ओळंबा टाकला, चारही खांब सरळ. गोणपाटाखालचे सांधे ओले, नखानं दाबले तर खूण उमटते पण चुरा होत नाही. म्हणजे चांगलं चाललंय.

आणि गायीच्या तोंडातून पाणी पडत होतं. उत्तरेच्या कडेला, सरळ, बोटाएवढी धार. फरसबंदीवर थेंब साचलेला नाही. नाना उकिडवे बसून बिडी ओढत तेच बघत होते. मी शेजारी बसले.

९ जून

सोनगीरला. कळस तांबटाकडे. पत्रा तापवायचा, पाण्यात बुडवायचा, की मऊ पडतो. मग लाकडी ओंडक्यावर फिरवत फिरवत ठोके. प्रत्येक ठोक्यानं तांबं पुन्हा कडक होतं म्हणून पुन्हा भट्टी. एका कळसाला अशा सात-आठ भट्ट्या. बोलणं ऐकू येत नाही एवढा आवाज, तरी कारागीर रेडिओ लावून बसलेला. कळस एक फूट नऊ इंच, तीन तुकड्यांत, आतून डाग दिलेला. समितीला सोन्याचा मुलामा हवा होता. तांबं हवेनंच रंग धरेल, असं लिहून दिलंय.

१२ जून

कळस चढला. पादुका परत आणल्या, ऑइल पेंट काढून. खाली बारीक कमळ निघालं. माझं अंतिम देयक दिलं, पैकी निम्मं आषाढीनंतर मिळेल असा निरोप.

संध्याकाळी आबासाहेबांचा मेसेज: 'कळसासकट उंची किती झाली?'

चौथरा तीन फूट दोन, खांब तळखड्यासह आठ फूट चार, छप्पर चार फूट एक, कळस एक नऊ. बेरीज करून पाठवली: सतरा फूट चार इंच.

पाच मिनिटांनी समितीच्या ग्रुपवर फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'उंची साडेसतरा फूट.'